संदेशाची पहिली ओळ

प्रयोगवहीत एखाद्या विद्यार्थ्याने ‘उत्तर : ९.८’ एवढेच लिहिले तर शिक्षक गुण कापतात. विद्यार्थी हिरमुसतो. आकडा तर बरोबर आहे, मग गुण का कापले? पण विचार करा. ९.८ काय? मीटर, सेकंद की न्यूटन? एकक नसलेला आकडा हा अर्धाच आकडा असतो. उरलेला अर्धा भाग वाचणाऱ्याला आपल्या मनाने भरावा लागतो, आणि प्रत्येक वाचणाऱ्याचे मन सारखे नसते.

ही केवळ परीक्षेपुरती शिस्त नव्हे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका बोईंग ७६७ विमानाची दोन्ही इंजिने इंधन संपल्यामुळे आकाशातच बंद पडली. वैमानिकांनी ते विमान तरंगत तरंगत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि सारे प्रवासी वाचले. चूक काय झाली होती? प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते आणि टाक्यांत ७,६८२ लिटर शिल्लक होते. लिटरचे वजन काढण्यासाठी १.७७ हा गुणक वापरला गेला. तो पौंडांचा गुणक होता. किलोग्रॅमसाठी सुमारे ०.८ हा गुणक हवा होता. त्यामुळे सुमारे २०,००० लिटर इंधन भरायचे, तेथे ५,००० लिटरसुद्धा भरले गेले नाही. त्या कंपनीच्या ताफ्यात मेट्रिक एककांवर चालणारी ही विमाने नवी होती, आणि गुणक मात्र जुन्या सवयीचा राहिला. गुणाकार-भागाकार बिनचूक होता. आकडा कोणत्या पद्धतीने वाचायचा, एवढेच चुकले.

संगणक एकमेकांना जे संदेश पाठवतात त्यांतही हाच प्रकार घडतो. संदेशातील आकडे शाबूत पोहोचतात, पण ते कसे वाचायचे हे सांगणारी ओळ हरवते, किंवा त्याहून वाईट म्हणजे खोटे बोलते. या पहिल्या ओळीकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही असे मला वाटते. आणि आपण मराठी वाचक-लेखकांनी तर ते अगत्याने द्यायला हवे. का, ते आता पाहू.

आकड्यांची रांग

संगणकाच्या तारेतून अक्षरे जात नाहीत, आकडे जातात. ० ते २५५ यांपैकी एक आकडा मावेल अशा खणाला बाइट म्हणतात. कोणतेही पत्र, निकालपत्रक किंवा बँकेचा व्यवहार हा शेवटी अशा बाइटांची लांबच लांब रांग असतो.

आता आपला ‘म’ घ्या. युनिकोड या जागतिक अक्षरसंग्रहात ‘म’चा क्रमांक २३५० आहे. हा क्रमांक एका बाइटात मावत नाही, म्हणून तो अनेक बाइटांत वाटून लिहावा लागतो. हे वाटप करण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. यूटीएफ-८ या पद्धतीत ‘म’ असा लिहितात : २२४, १६४, १७४. पडताळा स्वतः घ्या. पहिल्या आकड्यातून २२४ वजा करा आणि ४०९६ ने गुणा. दुसऱ्यातून १२८ वजा करा आणि ६४ ने गुणा. तिसऱ्यातून नुसते १२८ वजा करा. मग बेरीज करा : ० + २३०४ + ४६ = २३५०. झाला आपला ‘म’.

यूटीएफ-१६ या पद्धतीत तोच ‘म’ ९, ४६ असा लिहितात, कारण ९ गुणिले २५६ अधिक ४६ म्हणजे पुन्हा २३५०. काही यंत्रे हेच दोन आकडे उलट क्रमाने, ४६, ९ असे ठेवतात. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की नावाचे मानक प्रसिद्ध केले होते. त्यात ‘म’साठी २०४ हा एकच आकडा आहे.

आता उलट बाजूने पाहा. २२४, १६४, १७४ ही रांग एखाद्याने यूटीएफ-८ म्हणून न वाचता आयएसओ-८८५९-१ म्हणून वाचली, तर काय दिसेल? हे पश्चिम युरोपातील भाषांसाठी केलेले मानक आहे. त्याला लॅटिन-१ असेही म्हणतात. त्यात प्रत्येक बाइट हे एक स्वतंत्र अक्षर असते. तेव्हा पडद्यावर उमटेल डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’, त्यापुढे चलनाचे एक चिन्ह आणि त्यापुढे वर्तुळातले ‘आर’. मराठी मजकुराऐवजी असली चिन्हांची मिसळ तुम्ही कधी ना कधी पाहिलीच असेल. संगणक बिघडला, असे आपण म्हणतो. संगणक बिघडलेला नसतो. त्याला कोणीतरी चुकीचे एकक सांगितलेले असते.

पहिली ओळ काय सांगते

यावर उपाय म्हणून संदेशाने स्वतःच आपली ओळख द्यावी, हा विचार पुढे आला. एक्सएमएल ही संदेश लिहिण्याची पद्धत १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने मानक म्हणून प्रसिद्ध केली. तिच्यात मजकुराच्या प्रत्येक तुकड्याभोवती कोनी कंसांत नाव लिहितात. ‘येथे विद्यार्थ्याचे नाव सुरू, येथे संपले’ अशा त्या खुणा असतात. आजही तिचा वापर मोठा आहे. रिझर्व्ह बँकेची मोठ्या रकमा पाठवण्याची आरटीजीएस प्रणाली २०१३ पासून आयएसओ २००२२ या संदेशमानकावर चालते, आणि त्या मानकाचे संदेश सामान्यतः एक्सएमएलमध्येच लिहिलेले असतात. तुम्ही वर्डमध्ये निबंध लिहून साठवता त्या फायलीच्या पोटातही एक्सएमएलच असते.

अशा संदेशाच्या अगदी आरंभी एक घोषणेची ओळ असते. तिच्यात तीन नोंदी येऊ शकतात. इंग्रजीत त्यांना अट्रिब्यूट म्हणण्याची रीत आहे. पहिली नोंद ‘व्हर्जन’, म्हणजे एक्सएमएलची कोणती आवृत्ती. ही घोषणेत असावीच लागते. दुसरी ‘एन्कोडिंग’, म्हणजे अक्षरे आकड्यांत कशी बसवली आहेत. तिसरी ‘स्टँडअलोन’, म्हणजे हा संदेश स्वयंपूर्ण आहे की अर्थ लावताना बाहेरच्या नियमपत्रकातील गोष्टीही लागतील. नोंदींचा क्रम ठरलेला आहे, तो बदलता येत नाही. घोषणेच्या आधी एक कोरी जागा जरी सुटली तरी संदेश अशुद्ध ठरतो.

एवढी कडक शिस्त कशासाठी? त्यामागे एक सुंदर कोडे आहे.

पेटीची किल्ली पेटीत

एन्कोडिंग कोणते, हे पहिल्या ओळीत लिहिले आहे. पण ती ओळ वाचायची तर एन्कोडिंग आधी माहीत हवे! पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कुलूप लावावे, तसे हे झाले. मग संगणक ती उघडतो कशी?

येथेच त्या शिस्तीचा उपयोग होतो. घोषणा नेहमी त्याच चिन्हांनी सुरू होते : उघडणारा कोनी कंस, प्रश्नचिन्ह, आणि मग एक्स, एम, एल ही लहान रोमन अक्षरे. तेव्हा आरंभीचे चार बाइट पाहायचे. ते ६०, ६३, १२०, १०९ असतील तर संदेश आस्कीच्या कुळातला आहे. यूटीएफ-८ आणि लॅटिन-१ ही दोन्ही याच कुळातली. ०, ६०, ०, ६३ असतील तर यूटीएफ-१६, मोठा भाग आधी. ६०, ०, ६३, ० असतील तर यूटीएफ-१६च, पण उलट क्रमाने. ७६, १११, १६७, १४८ असतील तर आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर चालणारे एबसिडिक. कधी कधी घोषणेच्याही आधी एक खूणचिठ्ठी असते. यूटीएफ-८मध्ये ती २३९, १८७, १९१ अशी आणि यूटीएफ-१६मध्ये २५४, २५५ किंवा उलट अशी असते.

अशा रीतीने आधी कूळ ठरते. कूळ ठरले की घोषणेची ओळ वाचता येते, कारण तिच्यात साधी रोमन अक्षरेच असतात, आणि ती अक्षरे एका कुळात सारख्याच आकड्यांनी लिहितात. मग त्या ओळीतून नेमके एन्कोडिंग कळते. व्हर्निअर कॅलिपरने माप घेताना आपण हेच करतो. आधी मुख्य पट्टीवरून ढोबळ माप, मग व्हर्निअरवरून सूक्ष्म माप. मुख्य पट्टीच वाचली नाही तर व्हर्निअरचा आकडा निरर्थक असतो.

वाचणारा बदलला की

आतापर्यंत संदेश लिहिणारा एक आणि वाचणारा एक, असे आपण धरले. प्रत्यक्षात एकच संदेश अनेक हातांतून जातो.

शाळेत आपण वाक्यातील शब्दांचे व्याकरण चालवतो : हे नाम, हे क्रियापद, ही विभक्ती. संदेशाचे असे व्याकरण चालवणाऱ्या आज्ञावलीला पार्सर म्हणतात. एकाच एक्सएमएलसाठी अनेक पार्सर आहेत. काही जण सबंध संदेश वाचून त्याचा वृक्ष उभा करतात. काही जण वाचत वाचत ‘आता हे सुरू झाले, आता हे संपले’ अशी फक्त वर्दी देतात. मूळ मजकुराच्या बाबतीत बहुधा सर्वांचे एकमत होते. पण पहिल्या ओळीचे काय करायचे, याबाबतीत मात्र प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

आयबीएमच्या संदेशवाहक प्रणालीचे उदाहरण पाहा. तिच्यात एक्सएमएलसाठी एक्सएमएलएनएस आणि एक्सएमएलएनएससी असे दोन पार्सर आहेत. पहिला पार्सर घोषणेतील नोंदी ‘एक्सएमएल-डेक्ल’ नावाच्या कप्प्यात ठेवतो, दुसरा ‘एक्सएमएल-डिक्लरेशन’ नावाच्या कप्प्यात. नावांत फरक एवढाच. पण पहिल्या पार्सरसाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालवली, की ती जुन्याच नावाचा कप्पा उघडते आणि तिला तेथे काहीच मिळत नाही. गंमत म्हणजे ती थांबत नाही, ओरडत नाही. ‘नोंद रिकामी आहे’ असे समजून ती पुढे जाते. संदेशात नोंद होती. वाचणाऱ्याने ती चुकीच्या कप्प्यात शोधली.

याहून गंभीर प्रकार संदेशाचे रूप बदलल्यावर होतो. समजा, लॅटिन-१मधला एक संदेश आला. पहिल्या पार्सरने तो वाचून संगणकाच्या स्मृतीत युनिकोड अक्षरांच्या रूपात ठेवला. पुढच्या आज्ञावलीने ती अक्षरे यूटीएफ-८मध्ये लिहून दुसऱ्या पार्सरकडे धाडली. आतला मजकूर बदलला, पण पहिल्या ओळीत ‘एन्कोडिंग : आयएसओ-८८५९-१’ तसेच राहिले. डब्यात साखर भरली आणि चिठ्ठी मात्र मिठाचीच राहिली.

याची जाणीव ठेवून निरनिराळ्या पार्सरांनी निरनिराळे नियम केले. सॅक्स या जुन्या आणि प्रतिष्ठित पद्धतीचा नियम असा, की तयार अक्षरांची रांग हाती आली तर घोषणेतील एन्कोडिंगकडे दुर्लक्ष करायचे. पायथन भाषेतील एलएक्सएमएल हा पार्सर याच प्रसंगी स्वच्छ नकार देतो. तयार युनिकोड अक्षरे आणि शिवाय एन्कोडिंगची नोंद, असे दोन्ही मी स्वीकारणार नाही, असे तो सांगतो. त्याच भाषेतील एलिमेंटट्री हा पार्सर वृक्ष उभा करताना घोषणा टाकूनच देतो. उलट, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये स्मृतीतील अक्षररांगेत एक्सएमएल लिहिले, तर घोषणेत आपोआप यूटीएफ-१६ असे येते. ती रांग पुढे फायलीत यूटीएफ-८ने साठवली, की पहिली ओळ खोटी ठरते. नवशिके या खड्ड्यात हटकून पडतात.

यात पाकिटाचाही घोळ आहे. जाळ्यावरून येणाऱ्या संदेशाला एक बाहेरचे पाकीट असते, आणि त्यावरही एन्कोडिंग लिहिलेले असू शकते. पाकीट एक सांगते आणि पत्र दुसरेच सांगते, तर विश्वास कोणावर ठेवायचा? २००१ च्या नियमांनुसार विशिष्ट प्रकारच्या पाकिटावर काहीच लिहिलेले नसेल, तर आतली घोषणा न पाहता संदेश साध्या आस्कीत आहे असे धरायचे होते. म्हणजे आतल्या पत्राने खरे सांगितले तरी ते ऐकायचे नाही! २०१४ मध्ये हा नियम बदलला. आता आरंभीची खूणचिठ्ठी असेल तर ती प्रमाण, नाहीतर पाकिटावरचे, आणि तेही नसेल तर आतल्या घोषणेतले.

ओरडणारी चूक आणि गप्प चूक

आता माझे मत सांगतो. वाचणाऱ्याने चालवून घेऊ नये. पहिली ओळ आणि आतला मजकूर यांचा मेळ बसत नसेल तर थांबावे आणि स्पष्ट सांगावे.

पुष्कळांना हे पटत नाही. ब्राउझर नाही का मोडकीतोडकी पाने समजून घेऊन दाखवतात? मग संदेशांच्या बाबतीत एवढा कडकपणा कशाला? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पान पाहणारा माणूस असतो. गडबड दिसली तर ती त्याला कळते. पण बँकेचा, रुग्णालयाचा किंवा परीक्षा मंडळाचा संदेश एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जातो. वाटेत त्याकडे पाहणारे माणसाचे डोळे नसतात. तेथे चुकीने मोठ्याने ओरडलेच पाहिजे.

या दृष्टीने यूटीएफ-८ आणि लॅटिन-१ यांची तुलना फार उद्बोधक आहे. यूटीएफ-८मध्ये २२४ हा आकडा आला की त्यामागून नेमके आणखी दोन आकडे यावे लागतात, आणि ते १२८ ते १९१ यांच्या आतलेच असावे लागतात. त्यामुळे लॅटिन-१मधला मजकूर चुकून यूटीएफ-८ म्हणून वाचू गेलात, तर बहुधा पहिल्याच रेघवाल्या अक्षरापाशी नियम मोडतो आणि चूक पकडली जाते. उलट लॅटिन-१मध्ये प्रत्येक बाइटाला काही ना काही अर्थ आहे. त्यामुळे मराठी मजकूर लॅटिन-१ म्हणून वाचला तर नियम कोठेच मोडत नाही. पार्सर समाधानाने काम संपवतो आणि हाती कचरा देतो. जो मापक कशालाही जोडला तरी काटा हलवून काहीतरी आकडा दाखवतो, तो बिघडला आहे हे त्याच्याकडे पाहून कधीच कळत नाही. म्हणून नसलेल्या नोंदीपेक्षा खोटी नोंद वाईट. नोंद नसेल तर एक्सएमएलचा नियम आहे : यूटीएफ-८ धरा, किंवा खूणचिठ्ठी असेल तर यूटीएफ-१६. खोट्या नोंदीवर मात्र कोणताही नियम चालत नाही.

गप्प चूक वाढतही जाते. ‘म’चे तीन बाइट लॅटिन-१ म्हणून वाचले तर तीन परकी अक्षरे होतात. ती पुन्हा यूटीएफ-८मध्ये लिहिली तर प्रत्येकाला दोन, असे सहा बाइट लागतात. पुढच्या टप्प्यावर हीच चूक पुन्हा झाली तर बारा, आणखी एकदा झाली तर चोवीस. संदेश पुढे जातो तसा कचरा दुपटीने फुगतो. समाधान एवढेच, की आकडे शाबूत आहेत तोवर उलट्या पायऱ्या उतरून मूळ ‘म’ परत मिळवता येतो. पण एखाद्या टप्प्यावर ‘हे अक्षर माझ्याकडे नाही’ असे म्हणून त्याजागी प्रश्नचिन्ह लिहिले गेले, तर सगळे संपले. प्रश्नचिन्हाचा आकडा ६३. ‘म’चाही ६३, ‘र’चाही ६३. त्यातून मूळ अक्षर जगातील कोणताही संगणक परत काढू शकत नाही. चुकीचे वाचणे दुरुस्त होते. चुकीचे वाचून त्यावर लिहिणे दुरुस्त होत नाही.

देवनागरीचा धडा

इंग्रजी लिहिणाऱ्यांना हे दुःख फारसे कळत नाही. रोमन ‘ए’चा आकडा आस्कीत, लॅटिन-१मध्ये आणि यूटीएफ-८मध्ये एकच आहे. पहिली ओळ खोटी असली तरी त्यांचा मजकूर बहुधा सुखरूप निघतो. सोसावे लागते ते आपल्याला.

इस्की तयार करणाऱ्यांनी हा धोका ओळखला होता. इस्कीत २०४ हा आकडा देवनागरी ‘म’चा आहे, तसाच बंगाली, गुजराती आणि तमिळ ‘म’चाही आहे. मग लिपी कोणती ते कसे कळणार? त्यासाठी २३९ हा आकडा राखून ठेवला होता. तो आला की पुढचा आकडा लिपी सांगतो. त्याचे नावही अट्रिब्यूटवरूनच ठेवले आहे. एक्सएमएलच्या कितीतरी आधी आपल्याकडे ही ‘कसे वाचायचे ते आधी सांगा’ची सोय केलेली होती.

परंतु व्यवहारात दुसरेच घडले. १९९० नंतरच्या काळात छापखाने, कार्यालये आणि वर्तमानपत्रे यांतून मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत टंकित होऊ लागला. रोमन अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत, आणि प्रत्येक फाँटची बसवण्याची तऱ्हा वेगळी. फायलीत मात्र त्याचा उल्लेख नेहमी असेच असे नाही. तो फाँट संगणकावर असेपर्यंत सारे ठीक, तो गेला की उरतात रोमन अक्षरांचे अर्थहीन पुंजके. त्या काळातील कितीतरी लेख, ठराव, हस्तलिखितांच्या नकला आजही घराघरांत आणि संस्थांत अशा कुलूपबंद अवस्थेत पडून आहेत. कागद वाळवीने खाल्ला तर आपण हळहळतो. येथे तर अक्षर न् अक्षर शाबूत आहे. फक्त ते कसे वाचायचे, हे सांगणारी एक ओळ कोणी लिहिली नाही.

आता सगळे यूटीएफ-८मध्येच असते, तेव्हा ही चर्चा जुनी झाली, असे कोणी म्हणेल. नवे लेखन बहुतेक यूटीएफ-८मध्ये होते हे खरे, आणि ते तसेच व्हावे. पण जुने साठे आहेतच, आणि त्यांतून नव्या यंत्रणांकडे रोज काही ना काही जातच असते. शिवाय प्रश्न एका एन्कोडिंगचा नाही. आज अक्षरांचा आहे, उद्या तारखांचा असेल : ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? तो एककांचा असेल, चलनाचा असेल. कसे वाचायचे ते न सांगता दिलेली कोणतीही माहिती हा पुढच्या वाचकावर टाकलेला भार आहे.

शाळेत काय करता येईल

हे सारे हाताने करून पाहण्यासारखे आहे. तीन प्रयोग सुचवतो.

पहिला. नोटपॅडमध्ये फक्त ‘म’ हे एक अक्षर लिहा आणि साठवताना एन्कोडिंग बदलून तीन फायली करा. यूटीएफ-८ची फाइल ३ बाइटांची होईल, खूणचिठ्ठीसह यूटीएफ-८ची ६ बाइटांची, यूटीएफ-१६ची ४ बाइटांची. प्रत्येक बाइट कोठून आला याचा हिशेब वहीत मांडा.

दुसरा. वर्डमध्ये लिहिलेल्या फायलीची एक प्रत काढा. नावाच्या शेवटी डॉट डॉकएक्स आहे, तेथे डॉट झिप करा आणि ती उघडा. आत ‘वर्ड’ नावाच्या खणात ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल सापडेल. तिची पहिली ओळ वाचा. व्हर्जन, एन्कोडिंग, स्टँडअलोन या तिन्ही नोंदी तेथे दिसतील.

तिसरा. नोटपॅडमध्ये एक छोटा एक्सएमएल संदेश लिहा. पहिल्या ओळीसाठी दुसऱ्या प्रयोगातील ओळच नमुना म्हणून घ्या. खुणांची नावे रोमन अक्षरांत ठेवा आणि आत आपले नाव देवनागरीत लिहा. फाइल खूणचिठ्ठीशिवाय साध्या यूटीएफ-८मध्ये साठवा, पण पहिल्या ओळीत मुद्दाम ‘आयएसओ-८८५९-१’ असे लिहा. मग ती ब्राउझरमध्ये उघडा. आपल्याच नावाचे काय झाले ते पाहा. नंतर फक्त पहिली ओळ खरी करा आणि पुन्हा उघडा. आतल्या मजकुराचा एकही बाइट बदललेला नसताना नाव परत येते. एका ओळीचे मोल कळण्यासाठी याहून चांगला पाठ नाही.

शिक्षकांना एक विनंती. संगणकाच्या तासाला ‘एक्सएमएलमध्ये तीन नोंदी असतात’ हे पाठ करून घेण्याऐवजी तीन सवयी लावाव्यात. माहिती देणाऱ्याने ती कशी वाचायची ते आधी सांगावे. माहितीचे रूप जो बदलेल त्यानेच तिची पहिली ओळही बदलावी. ते काम पुढच्यावर ढकलू नये. आणि वाचणाऱ्याने पार्सर बदलला, यंत्र बदलले, की पहिली ओळ आपल्याला पूर्वीसारखीच मिळते आहे ना, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्रयोगशाळेत नवे उपकरण हाती घेतल्यावर आपण आधी त्याचा शून्यदोष पाहतो, तेवढेच हे स्वाभाविक व्हावे.

आज नववीत शिकणारी मुले आणखी दहा वर्षांनी बँकांच्या, रुग्णालयांच्या, ग्रंथालयांच्या यंत्रणा लिहीत असतील. त्यांनी लिहिलेल्या संदेशांतून कोणाचे तरी नाव, कोणाचे तरी औषध, कोणाचे तरी गुण जाणार आहेत. उत्तरापुढे एकक लिहायची सवय ज्याने आज लावून घेतली, त्याच्या संदेशाची पहिली ओळ उद्या खोटी निघण्याची शक्यता कमी. तेव्हा एककासाठी कापलेल्या अर्ध्या गुणावर रुसू नका. तो अर्धा गुण तुम्हाला फार उपयोगाची गोष्ट शिकवत असतो.